स्टडबुक आणि ब्लडलाइन: डाग वेगळा, रक्त वेगळं

"ड्रेसाजसाठी हॅनोव्हेरियन ब्लडलाइन चांगली की ओल्डेनबर्ग?" ड्रेसाज म्हणजे घोड्याच्या शिकवलेल्या चालींची स्पर्धा, आणि त्यासाठीच्या जर्मन घोड्यांबद्दलचा हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की आता उत्तर देण्याआधी आवंढा गिळावा लागतो. विचारणाऱ्याला दोष देत नाही. विक्रीच्या जाहिराती, घोड्यांवरचे लेख, रिंगणाच्या कडेला उभे राहून मतं देणारे जाणकार, सगळेच हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. पण हॅनोव्हेरियन ही ब्लडलाइन नाहीच. ते स्टडबुक आहे. ब्लडलाइन म्हणजे एखाद्या नरापासून चालत आलेली वंशरेषा: डोनरहाल, सांड्रो हिट, जाझ, फ्लोरेस्तान. एकातून शिंगराची नोंद कुठे झाली ते कळतं, दुसऱ्यातून त्याच्या अंगात कोण उतरलंय ते. घोडी फळवायला निघालेल्या माणसाला यातलं दुसरं आधी कळायला हवं, आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही.

स्टडबुक बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून उरकतो. पैदास करणाऱ्यांची एक संघटना असते आणि तिची नोंदवही असते. साधारण अडीच वर्षांचे नर तपासणीला येतात, त्यातले थोडे पैदाशीसाठी मान्य होतात, पुढे त्यांची कामगिरीची चाचणी होते. नरांप्रमाणे पैदाशीच्या माद्यांचीही श्रेणी ठरते. शिंगरू दाखवायला नेलं की त्याला कागद मिळतात. पूर्वी मांडीवर डाग देत. हॅनोव्हेरियनचा एच, ट्राकेनर या दुसऱ्या जर्मन वहीची एल्क हरणाची शिंगं. युरोपीय संघात २००९पासून जन्मलेल्या शिंगरांना मायक्रोचिप सक्तीची आहे, त्यामुळे डागाचं महत्त्व कमी झालंय. लोकांच्या डोक्यातला डाग मात्र पुसला गेलेला नाही.

गोंधळ येतो कुठून, तेही उघड आहे. रेसच्या घोड्यांवरून. थरोब्रेडचं जनरल स्टड बुक १७९१पासून आहे आणि ते बंद आहे: आई थरोब्रेड, बाप थरोब्रेड, तरच पोर थरोब्रेड. बापाच्या बापाकडून मागे जात राहिलात तर तीनच नर उरतात, डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन आणि बायर्ली टर्क. तिथे वही आणि रक्त एकच. ज्याने घोडे रेसकोर्सवर ओळखायला शिकले, तो हीच समजूत घेऊन वॉर्मब्लडकडे, म्हणजे हॅनोव्हेरियनसारख्या खेळाच्या घोड्यांकडे येतो आणि फसतो.

वॉर्मब्लडची स्टडबुकं बहुतांशी उघडी असतात. बाहेरचा नर आपल्या निकषांना उतरला तर त्याला आत घेतात. एकच स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा नर, दोन-तीन, कधी त्याहून जास्त संघटनांत मान्य असतो. आई-बाप दोन्ही वह्यांत मान्य असतील, तर त्यांचं एक शिंगरू हॅनोव्हेरियन आणि पुढच्या वर्षीचं सख्खं भावंड ओल्डेनबर्ग होऊ शकतं. मालकाने कुठल्या संघटनेकडे नोंद केली, एवढाच फरक. रक्तात काडीचाही फरक नाही. हे ऐकून लोक माझ्याकडे अविश्वासाने बघतात, म्हणून एक उदाहरण नेहमी तयार ठेवतो.

२०१६ची रिओ ऑलिंपिक. जर्मनीने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. संघात चार घोडे होते: वायहेगोल्ड ओएलडी, डेस्पेराडोस एफआरएच, शोटाइम एफआरएच आणि कॉस्मो. कागदांप्रमाणे एक ओल्डेनबर्ग, दोन हॅनोव्हेरियन आणि एक डच, म्हणजे केडब्ल्यूपीएन. जो डाग बघतो तो म्हणेल, डेस्पेराडोस आणि शोटाइम एका घरचे, वायहेगोल्ड परकी. आता कागद उलटा. वायहेगोल्डचा बाप डॉन शुफ्रो, आणि त्याचा बाप डोनरहाल. डेस्पेराडोसचा बाप डी निरो, आणि त्याचाही बाप डोनरहाल. म्हणजे ओल्डेनबर्ग घोडी आणि हॅनोव्हेरियन घोडा, दोघांचा आजा एक. पुढे बघा: वायहेगोल्डच्या आईचा बाप सांड्रो हिट, आणि शोटाइमचा बापच सांड्रो हिट. वायहेगोल्डचं नातं दोघांशी लागतं. आणि एकाच डागाचे ते दोघे? डेस्पेराडोस डी निरो आणि वोल्केनस्टाइन दुसरा यांच्या रक्ताचा, शोटाइम सांड्रो हिट आणि रोटस्पोनच्या. कागदाच्या पुढच्या टोकाला त्यांच्यात एकही नाव समान नाही. कॉस्मोचा बाप व्हॅन गॉख तर जंपिंगच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्यांच्या रक्ताचा, त्याची गोष्टच निराळी.

तेव्हा "ओल्डेनबर्गमध्ये चाल जास्त असते, हॅनोव्हेरियन डोक्याने शांत असतात" वगैरे विधानं ऐकली की मी विचारतो, कुणाची पोरं? डोनरहालची की सांड्रो हिटची? दोन्ही वह्यांत दोघांचीही पोरं-नातवंडं ढिगाने आहेत.

यात खरं नुकसान कुठे होतं, ते आता सांगतो. माणूस म्हणतो, माझी घोडी हॅनोव्हेरियन आहे, नवं रक्त आणायचंय, म्हणून वेस्टफालियन स्टॅलियन निवडतो. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. समजा घोडी डी निरोची मुलगी आहे आणि त्याने निवडला डेमन हिल. २०१३चा वर्ल्ड कप फायनल जिंकलेला, वेस्टफालियन कागदांचा, देखणा घोडा. पण डेमन हिलचा बाप डोनरहाल आणि डी निरोचाही बाप डोनरहाल. होणाऱ्या शिंगराच्या वंशावळीत डोनरहाल बापाकडून दुसऱ्या पिढीत आणि आईकडून तिसऱ्या पिढीत. हिशोब केला तर अंतःप्रजननाचा गुणांक किमान ६.२५ टक्के, सख्ख्या चुलत भावंडांच्या पोटी जन्मलेल्या अपत्याइतका. नवं रक्त म्हणून जे आणलं, ते घरातच होतं. डाग मात्र नवा आला.

डोनरहाल दुप्पट करू नये, असं मी म्हणत नाही. १९८१ला जन्मलेला हा ओल्डेनबर्ग घोडा स्वतः ग्रां प्रीपर्यंत, म्हणजे ड्रेसाजच्या सर्वात वरच्या पातळीपर्यंत गेला, १९९४ आणि १९९८च्या जागतिक स्पर्धांत सुवर्ण मिळवणाऱ्या जर्मन संघात होता, आणि पैदाशीतही त्याने तसंच नाव काढलं. असे घोडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तुम्ही विचार करून त्याला दोनदा घेत असाल तर जरूर घ्या, त्याला लाइनब्रीडिंग म्हणतात. नकळत घेतलंत तर त्याला काही म्हणत नाहीत.

उलट बाजूही आहे. एकाच वहीत राहून खरोखर वेगळं रक्त मिळतं. टोटिलास आणि व्हॅलेग्रो हे ड्रेसाजचे गाजलेले घोडे, दोघेही केडब्ल्यूपीएन, वयात दोन वर्षांचं अंतर. टोटिलासचा बाप ग्रिबाल्डी हा ट्राकेनर. व्हॅलेग्रोचा बाप नेग्रो, त्याचा फेरो, त्याचा उल्फ्ट. डच म्हणून दोघांना एका माळेत ओवणाऱ्याला या दोन घोड्यांचं काय कळलं असेल, देव जाणे.

'अस्सल हॅनोव्हेरियन' हा शब्दप्रयोगही माझ्या डोक्यात जातो. वेल्टमेयर हा १९८४चा घोडा त्या वहीचा मानबिंदू समजला जातो. त्याच्या आईचा बाप अबझाट्स, आणि अबझाट्सचा बाप अबग्लांट्स हा ट्राकेनर. महायुद्धानंतर पूर्व प्रशियातून आलेल्या या रक्ताने हॅनोव्हेरियनला हलकं आणि चपळ केलं. हॅनोव्हेरियनची जर्मनीतली सेलेची सरकारी पागा १७३५ची आहे. तेव्हापासून तिथले लोक बाहेरचं रक्त मोजूनमापून आणतच आलेत. भेसळ हा त्यांचा कलंक नव्हे, धंदा आहे. सांड्रो हिटचंही तसंच. ड्रेसाजचा एवढा मोठा बाप, पण त्याची पितृरेषा सांड्रो सॉंग, मग सांड्रो, मग सॅक्रामेंटो सॉंग अशी जाते. सांड्रो जंपिंगचा, होल्स्टाइनर वहीतला घोडा आणि शेवटचा चक्क थरोब्रेड.

अपवाद सांगायला हवेत. ट्राकेनरची वही जवळजवळ बंद आहे. बाहेरून येतात ते थरोब्रेड, अरबी, अँग्लो-अरब, शाग्या एवढेच. तिथे डाग बघून रक्ताचा अंदाज बराचसा बरोबर येतो. लिपिझानर जातीच्या नरांच्या तर नावातच सगळं असतं: प्लुटो, कॉन्व्हर्सानो, नेपोलितानो, फावोरी, माएस्तोसो, सिग्लावी या सहा जुन्या रेषांपैकी एकीचं नाव पुढे आणि आईचं मागे. इतका सरळपणा वॉर्मब्लडवाल्यांनी दाखवला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

नावामागची ओएलडी, एफआरएच, एनआरडब्ल्यू ही अक्षरं कुठल्या संघटनेच्या गोटातला घोडा, एवढंच सांगतात. एक्सएक्स म्हणजे थरोब्रेड, ओएक्स म्हणजे अरबी. यात गोंधळायला काही नाही. पुढे जाऊ.

आता ब्लडलाइनवाल्यांचीही थोडी कानउघाडणी. स्टडबुकचं भूत उतरलं की माणूस दुसऱ्या टोकाला जातो आणि 'डी लाइन' (डोनरहालची), 'एफ लाइन' (फ्लोरेस्तानची) असं जपत बसतो. डोनरहाल शिंगराच्या चौथ्या पिढीत असेल, म्हणजे पणजोबाचा बाप, तर त्याचा वाटा सरासरी सोळावा हिस्सा. त्या पिढीत आणखी पंधरा जण आहेत आणि त्यातल्या आठ घोड्या आहेत. पितृरेषेने हमखास उतरतो तो फक्त वाय गुणसूत्र, तोही मादी शिंगराला नाही. रेषेचं नाव हा पत्ता आहे. घरात कोण राहतं ते दार ठोठावल्यावर कळतं. म्हणून मी वरच्या ओळीतल्या नामांकित पूर्वजापेक्षा जवळच्या दोन पिढ्या नीट बघतो, आणि त्यातही आईच्या बाजूच्या. खाण तशी माती म्हणतात, पण खाणीत आईही येते हे विसरतात. तिने स्वतः काय केलं, तिच्या आईची बाकीची पोरं कुठपर्यंत गेली, हे प्रश्न स्टॅलियनच्या गुळगुळीत माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगून जातात.

स्टॅलियन निवडताना माझा नियम आडमुठा आहे: आधी घोडीचे दोष कागदावर लिहायचे. पाठ लांब, मागचा पाय मागे रेंगाळतो, चाल आखूड, जे असेल ते. मग ते दोष ज्याच्या पोरांत सहसा दिसत नाहीत असा घोडा शोधायचा. पोरांत, त्याच्या स्वतःत नव्हे. चाल आणि शरीराची ठेवण बऱ्यापैकी वारशाने येते. ग्रां प्रीचा निकाल त्या मानाने फारच कमी, कारण त्यात स्वार, प्रशिक्षण, आरोग्य, नशीब सगळं मिसळलेलं असतं. जर्मनीत पैदासमूल्याचा निर्देशांक असतो, सरासरी १००, आणि २० गुण म्हणजे एक प्रमाण विचलन. १४० वाचून हुरळण्याआधी शेजारचा विश्वासार्हतेचा आकडा बघा. चार पोरं असलेल्या तरुण स्टॅलियनचा १४० आणि शेकडो पोरं रिंगणात असलेल्याचा १४० हे एक नव्हेत.

सांड्रो हिटबद्दल एक तक्रार पैदास करणाऱ्यांत नेहमीची आहे: पोरं पुढच्या पायाने आकाश दाखवतात, मागचा पाय मात्र कामाला लागत नाही. तो स्वतः १९९९ला सहा वर्षांच्या घोड्यांचा जगज्जेता झाला, ग्रां प्रीला कधी उतरला नाही. तक्रारीत तथ्य आहे असं मलाही वाटतं, पण मग शोटाइम आणि वायहेगोल्डचं काय करायचं? माझं उत्तर एवढंच की तिथे दुसरी बाजू भक्कम होती, पाठ आणि मागचा पाय तिने पुरवला. तरुण घोड्याच्या ट्रॉटवर, म्हणजे दुडक्या चालीवर जीव टाकणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही. ट्रॉट शिकवून सुधारतो. वॉक (साधी चाल) आणि कँटर (संथ दौड) जन्माला येतानाच बरे असावे लागतात.

स्टडबुकवर विसंबण्याचा आणखी एक धोका जीवघेणा आहे. वॉर्मब्लड फ्रॅजाइल फोल सिंड्रोम हा त्वचा आणि सांधे तकलादू करणारा जनुकीय आजार सुप्त असतो. वाहक घोडा ठणठणीत दिसतो, पण वाहक नर आणि वाहक मादी एकत्र आले की दर वेळी चारात एक शक्यता रोगी शिंगराची, आणि असं शिंगरू जगत नाही. बरेचदा गर्भच पडतो. हे जनुक एका वहीपुरतं नाही, स्टॅलियन जिथे गेले तिथे गेलं. चाचणी केसांच्या मुळांवरून होते. वेगळ्या डागाचा घोडा निवडला म्हणून ती टाळू नका.

शेवटी नावांचा सापळा, कारण यात वर्षानुवर्षं मुरलेले लोकही पडताना पाहिलेत. जर्मन वह्यांत शिंगराचं नाव साधारणपणे बापाच्या आद्याक्षराने सुरू होतं, म्हणून डोनरहालचा डी निरो आणि डी निरोचा डेस्पेराडोस. ट्राकेनरमध्ये आईच्या आद्याक्षराने. आणि डच केडब्ल्यूपीएनमध्ये जन्मवर्षाच्या अक्षराने: १९९१चा जाझ, १९९५चा नेग्रो, २०००चा टोटिलास, २००२चा व्हॅलेग्रो. फेरो १९८७चा, म्हणून एफ. त्याचा फ्लोरेस्तानशी आद्याक्षरापलीकडे संबंध नाही. तरी "एफ लाइनची घोडी आहे, फेरोची" असं वाक्य ऐकलंय मी, आणि सांगणारा त्याच घोडीसाठी 'वेगळ्या लाइनचा' म्हणून फेरोच्याच पोराचा, नेग्रोचा मुलगा शोधत होता.