नदालला काकांनी डावखुरा बनवलं?

टिळकवाडी असो की निपाणी, पोराच्या हाती टेनिसची रॅकेट आली की कुणीतरी सांगतंच, "नदाल मूळचा उजवा. काकांनी मुद्दाम डावखुरा केला. तुमच्या पोराचाही हात बदला."

असं घडलेलंच नाही. १९८६ साली स्पेनच्या मायोर्का बेटावर मनाकोर गावी जन्मलेला राफेल नदाल लहानपणी फोरहँडसुद्धा, म्हणजे तळहात पुढे ठेवून मारायचा फटकाही, दोन्ही हातांनी मारायचा. त्याचे प्रशिक्षक असलेल्या टोनीकाकांनी पुढे एक हात सोडायला सांगितलं, आणि राहिला तो डावा. मुळात काका त्याला डावखुराच समजत होते! तो लिहितो उजव्या हाताने; अफवेला खतपाणी बहुधा तिथूनच मिळालं. फुटबॉल मात्र डाव्या पायाने मारतो, हे कट्ट्यावर कुणी सांगत नाही. डावखुऱ्या सर्व्हिसचा फायदा खरा, पण त्यासाठी पोराचा चालता हात बांधून ठेवणं हा निव्वळ आडमुठेपणा.