निळा इशारा: कोणाकोणाला उठवायचं?

2024च्या ऑक्टोबरमधली एक पहाट. पाच वाजायच्या आतच टेक्सासभर उशाशी ठेवलेले फोन एकदम किंचाळू लागले. वादळ नव्हतं, पूरही नव्हता. मेम्फिसच्या पोलीस प्रमुखावर आदल्या रात्री गोळीबार झाला होता आणि संशयित फरार होता. हे मेम्फिस म्हणजे टेनेसीतलं प्रसिद्ध शहर नव्हे, टेक्सासच्या वायव्य कोपऱ्यातलं लहानसं गाव. ह्यूस्टन तिथून सातशे किलोमीटरहून लांब. नागपुरातल्या घटनेसाठी मुंबईकराला साखरझोपेतून उठवावं, तसाच प्रकार. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे हजारोंनी तक्रारी गेल्या.

पोलिसावर हल्ला करून पळालेल्याला शोधायला लोकांची मदत मागणाऱ्या या इशाऱ्याचं नाव ‘ब्लू अलर्ट’. फ्लोरिडा आणि टेक्सासने तो 2008मध्येच सुरू केला होता. देशपातळीवरचा कायदा झाला 2015मध्ये, आणि तो राफाएल रामोस व वेन्जियान लिऊ या न्यूयॉर्कच्या दोन पोलिसांच्या नावाने ओळखला जातो. 20 डिसेंबर 2014 रोजी ब्रुकलिनमध्ये गस्तीच्या गाडीत बसलेल्या या दोघांना एकाने गोळ्या घातल्या. त्याने सकाळी बाल्टिमोरजवळ एका तरुणीवर गोळी झाडली होती, बसने न्यूयॉर्क गाठलं होतं आणि पोलिसांना मारण्याची धमकीही इन्स्टाग्रामवर टाकली होती. तिकडच्या पोलिसांनी सावधगिरीचा फॅक्स पाठवलाही; तो पोहोचला तो गोळ्या सुटल्या त्याच सुमारास. फॅक्स, 2014 साली!

आज हाच इशारा दोन वाटांनी धावतो. टीव्ही-रेडिओवर आधी जी खरखर ऐकू येते ती निव्वळ खरखर नसते. दोन वेगवेगळ्या स्वरांत शून्य आणि एक यांची भाषा बोलली जात असते: इशारा कसला, कुठल्या परगण्यासाठी, किती वेळ लागू. चूक राहू नये म्हणून हा मजकूर तीनदा वाजतो. त्यात ‘बीएलयू’ ही तीन अक्षरं पोलिसांवरच्या संकटासाठी आयोगाने 2017मध्ये मंजूर केली. त्यानंतर कानाला झोंबणारा भोंगा वाजतो. त्यात 853 आणि 960 हर्ट्झचे दोन सूर एकत्र असतात. भागाकार करून पाहा: जवळजवळ 9/8, म्हणजे आपले सा आणि शुद्ध रे! पेटीवर दोन्ही पट्ट्या एकदम दाबून धरा. कानाला ते नीट वेगळे काढता येत नाहीत आणि एक खरखरीत घर्षण जाणवतं. दचकवायला तेवढं पुरतं.

दुसरी वाट मोबाइलची. इथे एसएमएससारखा एकेका नंबरला निरोप जात नाही. टॉवर दवंडी पिटतो आणि टप्प्यातले सगळे फोन ती ऐकतात. म्हणून नंबरांची यादी लागत नाही आणि लाइन तुंबत नाही. 2023मध्ये आपल्याकडे चाचणीच्या संदेशाने फोन अचानक कर्कश वाजले होते, ते याच तंत्राने. 2019च्या अखेरपासून अमेरिकेतल्या नव्या फोनना इशाऱ्यासोबत नकाशावरच्या हद्दीचे आकडेही मिळतात. आपण त्या हद्दीत आहोत का, हे फोन स्वतःच तपासतो आणि बाहेर असेल तर गप्प राहतो. अचूकता साधारण 160 मीटरची.

मग ह्यूस्टनकर का जागे झाले? कारण हद्द माणूस आखतो, आणि त्या पहाटे ती अख्ख्या राज्याची होती. त्यांचा संताप मला पटतो; वैतागून इशाऱ्यांचं बटणच बंद केलेला फोन उद्या चक्रीवादळातही मुका राहू शकतो. पण जरा गणित मांडू. संशयित ताशी 100 किलोमीटरने पळाला, तर एका तासात तो सुमारे 31,400 चौरस किलोमीटरच्या वर्तुळात कुठेही असू शकतो. सहा तासांनी त्रिज्या सहापट, पण क्षेत्रफळ छत्तीसपट: अकरा लाखांच्या वर. टेक्सास जेमतेम सात लाख चौरस किलोमीटरचं आहे.

म्हणजे उशिराचा इशारा कमी उपयोगाचा असतोच, शिवाय जास्त लोकांची झोपही मोडतो. आणि घाईलाही मर्यादा आहे. संशयिताचं वर्णन, गाडीचा रंग, नंबर, असं लोकांना ओळखता येईल इतकं काही हाती आल्याशिवाय ब्लू अलर्ट काढायचा नाही, असे निकष आहेत. ते योग्यच आहेत. फक्त नियंत्रण कक्षात कोणी गाडीचा नंबर पडताळून पाहत असताना, तिकडे वर्तुळ मिनिटाला दीड किलोमीटरहून जास्त वेगाने फुगत असतं.