साथरोगातील ख्रिस्ती विश्वास, आशा व सावधपणा (खानदेश)

साथीच्या संकटात देवावर भरवसा ठेवणे, आशा न सोडणे आणि धोक्याची सूचना वेळीच ऐकणे यांविषयीची ख्रिस्ती शिकवण व तिच्यातून रूढ झालेला आचार. खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, ही शिकवण मुख्यतः मराठीतून आणि काही प्रमाणात अहिराणी, मावची, पावरी या बोलींतून रुजली.

पूर्व भागात ख्रिस्ती मंडळ्यांची सुरुवात साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. पश्चिम भागात ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या आसपास झाल्याचे मानतात. पूर्वेकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, तर पश्चिमेकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन व स्वीडिश अलायन्स मिशन या संस्थांचे काम होते. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय १९४० नंतरच्या दशकातले. रोमन कॅथलिक मंडळी १९८७ पासून नाशिक धर्मप्रांतात मोडते.

‘मरी’ हा शब्द : साथीच्या दिवसांत खानदेशी ख्रिस्ती घरांत सर्वांत जास्त वाचले जाते ते बायबलातील एक्याण्णवावे स्तोत्र. त्यात देव घातक मरीपासून सोडवील, असे अभिवचन आहे. या ‘मरी’मागच्या हिब्रू शब्दावर जुना वाद आहे. हिब्रू मूळ लेखनात स्वर लिहिले जात नसत. त्यामुळे द, ब, र या तीन व्यंजनांचा उच्चार ‘देवेर’ केला तर अर्थ ‘मरी’ होतो आणि ‘दावार’ केला तर ‘शब्द’ किंवा ‘गोष्ट’. सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतराने तिसऱ्या वचनात दुसरा उच्चार धरला आणि ‘त्रासदायक शब्दापासून’ असा अर्थ दिला. लॅटिन स्तोत्रपाठातही तोच उतरला. पुढे मासोरा या यहूदी पाठपरंपरेच्या पंडितांनी स्वरचिन्हे घालून ‘मरी’ हा अर्थ पक्का केला. सहाव्या वचनात हाच शब्द पुन्हा येतो आणि तेथे त्याच्या जोडीला भर दुपारी नाश करणारा रोग आहे. ही जोडी पाहता मासोरा पाठच अधिक सयुक्तिक वाटतो. मराठी भाषांतरांनी तोच स्वीकारला आहे.

मराठी वाचकाच्या कानावर मात्र हा शब्द आणखी एका बाजूने पडतो. गावाच्या शिवेवरची शेंदूर लावलेली मरीआई ही पटकीची (कॉलऱ्याची) देवता. तिच्या नावाची व्युत्पत्ती काही अभ्यासक संस्कृत ‘मृ’ धातूशी जोडतात, तर काही दक्षिणेतल्या मारीअम्माशी. तमिळमध्ये ‘मारी’ म्हणजे पाऊस. दोन्ही प्रवाह पुढे एकमेकांत मिसळले असावेत. पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेण्याची प्रथा महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी होती. गाडा शेजारच्या शिवेत गेला की तिथून तो पुढे ढकलणे त्या गावाच्या माथी येई. स्तोत्रातली मरी ही देवता नाही, रोग आहे. तिला नैवेद्य लागत नाही आणि ती शेजाऱ्याच्या शिवेत लोटून आपली सुटकाही होत नाही. नव्याने विश्वासात आलेल्या कुटुंबाला हा फरक समजणे ही लहान गोष्ट नव्हती.

बायबलातील लेवीय या पुस्तकाच्या तेरा व चौदा या अध्यायांतील रोगाचे मराठी नाव असेच घोटाळ्याचे आहे. मराठी बायबलात तो ‘महारोग’ झाला. मुळातला ‘त्साराअथ’ कपड्यांवर आणि घरांच्या भिंतींवरही पडतो, त्यामुळे तो आजचा कुष्ठरोग नव्हे, हे मत आता बहुतेकांना मान्य आहे. कुष्ठाचा जंतू हॅन्सनने १८७३ मध्ये शोधला. या अध्यायांतील पद्धत मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. याजकाने डाग पाहावा, सात दिवस वेगळे ठेवावे, पुन्हा पाहावे, गरज वाटल्यास आणखी सात दिवस ठेवावे. रोग्याने वरचा ओठ झाकावा. २०२० मध्ये पाळकांनी ही वचने वाचली तेव्हा ती ऐकणाऱ्यांना समजावून सांगावी लागली नाहीत.

विश्वास आणि परीक्षा पाहणे : एक्याण्णवाव्या स्तोत्राचा गैरवापर कसा होतो, हे बायबलच दाखवते. मत्तयच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभा करतो, हेच स्तोत्र म्हणून दाखवतो आणि खाली उडी टाकायला सांगतो. येशू ‘अनुवाद’ या बायबलातील पुस्तकातले वचन उत्तरादाखल देतो : परमेश्वराची परीक्षा पाहू नको. ‘प्रभू आहे, मग मास्क कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर याच ठिकाणी आहे. नोहाच्या विश्वासाचे वर्णन इब्री लोकांस पत्रात येते. त्याला सूचना मिळाली, अजून काही दिसत नव्हते, तरी त्याने भय बाळगून तारू बांधले. सूचना मानणे हे त्याच्या विश्वासाचेच अंग आहे. त्याच पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. नांगर वादळ थांबवत नाही, नावेला वाहून जाऊ देत नाही.

मंडळीच्या इतिहासात या मताला मोठा आधार आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यावरील साथीत कार्थेजचा सिप्रियन आणि अलेक्झांड्रियाचा डायोनिशियस या बिशपांनी आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांविषयी लिहून ठेवले. ती साथ देवीची, गोवराची की रक्तस्रावी तापाची, याचा निर्णय झालेला नाही. १५२७ मध्ये विटेनबर्गात प्लेग असताना मार्टिन ल्यूथर गाव न सोडता राहिला. ब्रेस्लाऊच्या योहान हेस याने प्लेगमध्ये पळावे की नाही असे विचारले होते. धूर करावा, औषध घ्यावे, जिथे आपली गरज नाही तिथे जाऊ नये, पण शेजाऱ्याला गरज असेल तर जाण्यास कचरू नये, असा ल्यूथरच्या उत्तराचा आशय आहे. खानदेशातील मंडळ्या ल्यूथरन नसल्या तरी व्यवहारात त्यांचे वागणे याच्याच जवळचे आहे.

पहारेकरी व जागल्या : यहेज्केलच्या तेहेतिसाव्या अध्यायातील पहारेकऱ्याला खानदेशात वेगळेच वजन येते. येथील अनेक गावांत रखवालीचे काम भिल्लांकडे होते आणि ते करणाऱ्याला जागल्या म्हणत. चोरी झाली की त्याने माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत पोचवता आला नाही, तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येई. यहेज्केलचा पहारेकरीही असाच बांधलेला आहे : तलवार येताना दिसली आणि त्याने कर्णा वाजवला नाही, तर मेलेल्याच्या रक्ताचा जाब त्याला विचारला जाईल. पश्चिम खानदेशातील मंडळ्यांत भिल्ल, मावची व कोकणी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. ज्यांच्या आजे-पणजांनी गावासाठी रात्री जागून काढल्या, त्यांच्यापुढे हा अध्याय वाचताना दृष्टान्त शोधत बसावे लागत नाही. आशाताईने अंगणात उभे राहून ताप-खोकल्याची चौकशी करणे हाही त्याच कर्ण्याचा आवाज आहे, असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते.

सूचना ओळखण्याची लोकरीत त्याही आधीची आहे. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेला प्लेग पुढे इलाखाभर पसरला. तेव्हा घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हे लोक अनुभवाने शिकले. १८९७ चा साथरोग कायदा त्याच प्लेगमुळे आला आणि २०२० मध्ये पुन्हा वापरला गेला.

अलीकडच्या साथी : फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला निश्चित प्रादुर्भाव नवापूरच्या पोल्ट्री फार्मांत आढळला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ च्या सुरुवातीला तेथे तो पुन्हा आला. ‘एच ५ एन १’ हे बर्ड फ्लूच्या विषाणूचे नाव या तालुक्यात कोविडपूर्वीच तोंडी होते, आणि ख्रिस्ती वस्तीही येथे दाट आहे.

२०२० च्या टाळेबंदीत ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार, १० एप्रिलला उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि १२ एप्रिलला पुनरुत्थानदिन (ईस्टर) आला. मिरवणूक नव्हती. शिंदीची झावळी दाराच्या चौकटीला खोचायची, ओसरीत गोधडी अंथरून घरच्यांनी बसायचे, मोबाइल तांब्याला टेकवून पाळकसाहेबांचा संदेश ऐकायचा आणि रेंज गेली की आजीने पाठ असलेले गीत सुरू करायचे, अशी ती उपासना. वल्हांडणाच्या, म्हणजे इस्राएल लोकांच्या मिसरातून सुटकेच्या, रात्री सकाळपर्यंत कोणी दाराबाहेर पडू नये, ही निर्गम या पुस्तकातली आज्ञा त्या आठवड्यात आपल्याच घराची वाटली. राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, दुसऱ्या लाटेत बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा सुरू झाली.

दोन लाटांमधल्या काळात रुग्ण घटत असतानाही नंदुरबार जिल्ह्याने ऑक्सिजननिर्मितीचे प्रकल्प उभारणे थांबवले नाही. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः भिल्ल समाजातले. सुकाळाच्या सात वर्षांत कोठारे भरणारा योसेफ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या तयारीचे मोल वेगळे सांगायला नको. १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाले. सातपुड्यातील पाड्यांवर मात्र लस घेतली की माणूस दगावतो, अशी अफवा फिरत होती.

आचारातील बदल : याकोबाच्या पत्रातील पाचव्या अध्यायाप्रमाणे आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याची रीत येथे जुनी आहे. साथीत हात ठेवण्याऐवजी उंबऱ्याबाहेरून किंवा फोनवर प्रार्थना होऊ लागली. काही मंडळ्यांत तेलाची वाटी घरच्याच माणसाच्या हाती देत. प्रभुभोजनात लहान पेले वापरणाऱ्या मंडळ्यांना फारसे बदलावे लागले नाही. एकाच प्याल्याची रीत असलेल्यांपुढे अडचण होती. कॅथलिक मंडळीत भाकर जिभेवर न देता तळहातावर दिली जाऊ लागली.