माळावरची वसाहत आणि पंधरा मिनिटांचा पाऊस

सोलापूर, बीड, माण-खटाव या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात एखादा माळ एनए (बिगरशेती) होऊन त्यावर प्लॉट पडायला लागले, की रस्ते आणि विजेच्या खांबांवर भरपूर बोलणं होतं. पावसाच्या पाण्याचा विषय निघाला की मात्र उत्तर ठरलेलं: ‘इथं पाऊस पडतोच कुठं?’

वर्षाचा हिशेब धरला तर यात चूक नाही. इंग्लिस आणि डिसूझा या अभियंत्यांनी १९२९ मध्ये पश्चिम भारतातल्या नद्यांच्या मोजणीवरून, वर्षाच्या पावसातलं किती पाणी वाहून जातं याची दोन सूत्रं बसवली, एक घाटासाठी आणि एक दख्खनच्या पठारासाठी. घाटात ३०० सेंमी पाऊस झाला तर त्यातले सुमारे २२५ सेंमी वाहतात. पठारावर ५५ सेंमी झाला तर वाहतात जेमतेम ८. तलाव किती भरेल हे काढायला असा आकडा कामाचा. गटारासाठी त्याचा काही उपयोग नाही, कारण गटाराला वर्ष निभवायचं नसतं, वर्षातली सगळ्यात वाईट पंधरा-वीस मिनिटं निभवायची असतात.

कोरडवाहू भागातला पाऊस दगा देतो तो तिथेच. महिनाभर ढगही नसतो आणि मग वळवाची किंवा परतीची एक सर सगळी कसर काढते. तापलेली जमीन पाणी पिऊन टाकेल असं वाटतं. काळ्या रानातल्या भेगा पहिलं पाणी गिळतात हे खरं, पण माती फुगली की त्या मिटतात आणि पुढचं पाणी वरूनच जातं. उघड्या माळावर थेंबांच्या माऱ्याने ढेकळं फुटतात, बारीक गाळ मातीच्या छिद्रांत बसतो आणि वर पापडी धरते. खाली बऱ्याचदा वीतभर मुरूम आणि मग कातळ.

आता त्या पंधरा मिनिटांत किती पाऊस पडतो हे कसं ठरवायचं? बहुतेक ठिकाणी पावसाची नोंद होते सकाळी साडेआठला, चोवीस तासांची एकच. १२० मिमी पडला एवढं कळतं. तो दिवसभर रिपरिपत पडला की तासाभरात कोसळला, हे कळत नाही. स्वयंनोंदी पर्जन्यमापक जवळपास नसेल तर हवामान खात्याचं घनमुळाचं सूत्र कामी येतं: हव्या त्या वेळेला २४ तासांनी भागायचं, घनमूळ काढायचं आणि त्याने दिवसाच्या पावसाला गुणायचं. १२० मिमीमधून ४० मिनिटांचे ३६ मिमी निघतात आणि १५ मिनिटांचे २६. म्हणजे ताशी वेग अनुक्रमे ५५ आणि १०५ मिमी. सर जितकी आखूड, तितकी जोरकस.

पण ४० मिनिटं धरायची की १५? हे पाऊस ठरवत नाही, जमीन ठरवते. सगळ्यात लांबच्या टोकाचा थेंब नाल्याच्या तोंडाशी पोचायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळाची सर हिशेबात घ्यायची. २० हेक्टरचा माळ धरू. गवत, दगडगोटे, जुने बांध यांतून वाट काढत पाण्याला ४० मिनिटं लागतात आणि पडलेल्या पावसातला ०.३ हिस्सा वाहतो असं समजू. वाहणारा हिस्सा गुणिले ताशी मिमी गुणिले हेक्टर, भागिले ३६०: उत्तर सेकंदाला ०.९ घनमीटर. त्याच माळावर डांबर, स्लॅब, पत्रे आणि फरशा आल्या की हिस्सा ०.७५ होतो आणि पाणी १५ मिनिटांत खाली येतं. तेच गणित पुन्हा केलं की उत्तर ४.४. जवळजवळ पाचपट, आणि आभाळ तेच! यातली अडीचपट वाढ काँक्रीटमुळे. उरलेली जवळपास दुप्पट निव्वळ पाण्याची वाट गुळगुळीत झाल्यामुळे, आणि माझ्या मते हीच वाढ डोळ्यांआड राहते.

एक मिमी पाऊस एक हेक्टरवर म्हणजे दहा हजार लिटर, एक टँकर. या वसाहतीतून पाव तासात ३९० टँकर वाहून जातात. उन्हाळ्यात इथेच टँकरसाठी फोनाफोनी चालते, पण तो वेगळा लेख होईल.

९०० मिमी व्यासाचा सिमेंट पाइप दोनशेस एक (दोनशे मीटरला एक मीटर) उतारावर काठोकाठ भरून वाहिला तरी सेकंदाला साधारण १.३ घनमीटर नेतो, तेही स्वच्छ असताना. माळाला एक पुरला असता, वसाहतीला चार लागतात. ‘पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पाऊस’ या शब्दांनीही निर्धास्त होऊ नये. दरवर्षी ४ टक्के शक्यता, म्हणजे २० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो एकदा तरी गाठण्याची शक्यता ५६ टक्के.

शिवाय पाण्याला प्लॉटची हद्द कळत नाही. वरच्या अंगाला आणखी ६० हेक्टरांचा उतार असेल तर सूत्रात २० नव्हे, ८० लिहायचे आणि वेळही त्या वरच्या टोकापासून मोजायचा. हे काढायला समपातळी रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा हवा, आणि उंचीत दर २० मीटरला एक रेष असलेला सर्वसाधारण नकाशा इतक्या लहान जागेला पुरत नाही. जागेवर मोजणीच करावी लागते. सातबाऱ्यावर पोटखराब (लागवडीस अयोग्य) म्हणून पडून असलेली, वर्षानुवर्षं कोरडी दिसणारी घळ या मोजणीत ओढा म्हणून उमटते. बहुधा तोवर तिच्यावर आडवी कंपाउंडची भिंत उभी असते, खाली एक मोरीही न ठेवता.