पौषात चाललं, नवतप्यात अडलं

"मामा, काल रात्री काहीच नव्हतं. आज नवरीच्या तोंडावर हे हिरवे चौकोन काहून येऊन राह्यले?"

भाच्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. हिंगणघाटजवळच्या आमच्या गावात तो लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करतो. कॅमेऱ्याचा काही दोष नव्हता. पौषात हाताला काम नसताना या पठ्ठ्याने बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून प्रोसेसरचा वेग ४.२ गिगाहर्ट्झवरून ४.८ वर नेला होता. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. तेव्हा सगळं झकास चाललं. आता नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता.

४.८ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४८० कोटी ठोके. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम सहा सेंटिमीटर जातो. तेवढ्यात सिग्नलने ट्रान्झिस्टरांची, म्हणजे चिपमधल्या बारीक स्विचांची, अख्खी साखळी पार करून स्थिर व्हायचं असतं. तो पोचण्याआधीच पुढचा ठोका पडला, तर शून्याच्या जागी एक वाचला जातो. नशीब असेल तर मशीन बंद पडतं. नसेल तर ते चालूच राहतं आणि चुकीचं उत्तर बिनबोभाट फाइलमध्ये जाऊन बसतं. हिरवे चौकोन निदान दिसले तरी. हिशेबाच्या फाइलमधला असा एक आकडा कोणाला दिसणार?

सिग्नल लवकर पोचावा म्हणून व्होल्टेज वाढवतात. भाच्याने ते १.२ व्होल्टवरून १.३५ केलं होतं. खरी मेख इथे आहे. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. त्याच्यासमोरच कागदावर मांडलं: वेग वाढला १४ टक्के, वीज वाढली जवळपास ४५ टक्के. म्हणजे १०० वॅट खाणारा आता १४५ खातो, आणि तासाभराचं रेंडरिंग, म्हणजे पक्का व्हिडिओ तयार करण्याचं काम, फार तर सात-आठ मिनिटं लवकर उरकतं.

ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. पंखा ती खोलीच्या हवेत सोडतो, त्यामुळे मोजणी खोलीच्या तापमानापासून सुरू होते. १०० वॅटला चिप खोलीपेक्षा ४० अंश जास्त तापत असेल, तर १४५ वॅटला ५८. पौषातल्या २० अंशांच्या खोलीत ७८ झाले. टिनाखालच्या ४२ अंशांच्या खोलीत सरळ १००! बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात. म्हणजे वाढवलेला वेग ऐन लग्नसराईत हातचा जातो. शिवाय चिपमधल्या तारांच्या तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. तापलेल्या चिपमध्ये सिग्नल आणखी रेंगाळतो.

"मग पाण्याचा कूलर बसवतो," तो म्हणाला. पाणी उष्णता लवकर वाहून नेतं, पण तेही शेवटी खोलीच्याच हवेला टेकतं. २०११ मध्ये एएमडी कंपनीच्या एका प्रोसेसरने ८.४२९ गिगाहर्ट्झचा विक्रम केला, तो द्रवरूप हेलियमच्या गारव्यात. ते वरातीतलं घोडं. नांगराला जुंपायचं नसतं.

कॅबिनेट उघडलं आणि मी कपाळावर हात मारला. शेजारच्या जिनिंगमधून उडालेली रुई प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखी बसली होती. बोटाने ओढली तर अख्खी चादर निघाली. हवा जायची कुठून?

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. जास्त प्रवाहात इलेक्ट्रॉन तारांमधल्या धातूच्या अणूंना हळूहळू ढकलत नेतात. कुठे तार झिजते, कुठे गाठ धरते. जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये याचं सूत्र मांडलं: प्रवाह वाढला की तारेचं आयुष्य घटतं, आणि तापमान वाढलं की झपाट्याने घटतं. शेतातली मोटार जळाली तर वायंडिंग भरून आणता येतं. प्रोसेसरचं वायंडिंग कोणी भरत नाही, आणि असे प्रयोग वॉरंटीतही सहसा बसत नाहीत.

तसंही आजचे प्रोसेसर टर्बोच्या नावाने गारवा पाहून स्वतःच वेग वाढवतात. कारखान्याने फार थोडी जागा शिल्लक ठेवलेली असते.

ब्लोअरने रुई उडवली, बायोस मूळ सेटिंगवर आणलं आणि तोच व्हिडिओ पुन्हा लावला. यावेळी नवरी स्वच्छ दिसली.

"मामा, पुढच्या पौषात पुन्हा वाढवू का? तेव्हा तर थंडी राहते."

"वाढव ना. पण पौषात लग्नं कोणाची लावशील?"