केजन : शाळेच्या मैदानावर हरवलेली भाषा

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या दक्षिणेकडच्या पाणथळ मुलखात राहणारे केजन लोक मूळचे तिथले नाहीत. सतराव्या शतकात फ्रान्समधून आलेल्या शेतकऱ्यांनी आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या परिसरात, खाऱ्या दलदलीला बांध घालून शेती उभी केली. त्या वसाहतीचं नाव अकादी. 1713च्या तहानं हा प्रदेश ब्रिटिशांकडे गेला. ब्रिटिश राजाशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला अकादियनांनी नकार दिला. 5 सप्टेंबर 1755 रोजी ग्राँ-प्रे गावच्या चर्चमध्ये पुरुषांना आणि दहा वर्षांवरच्या मुलांना बोलावून घेतलं आणि जमीन, गुरंढोरं सरकारजमा झाल्याचं सांगितलं. घरं जाळली, माणसं जहाजांत कोंबली, कित्येक कुटुंबांची ताटातूट झाली.

1765 मध्ये त्यांचा एक म्होरक्या, जोझेफ ब्रूसार ऊर्फ बोसोलेय, सुमारे 200 जणांना घेऊन लुइझियानात पोहोचला. तेव्हा हा प्रदेश कागदोपत्री स्पेनकडे गेला होता, पण कारभार अजून फ्रेंच अधिकारीच पाहत होते. 1785 मध्ये फ्रान्समधून सात जहाजांतून आणखी सुमारे 1,600 अकादियन आले. 'अकादियँ'चं बोलता बोलता 'कादियँ' झालं आणि इंग्रजी जिभेवर 'केजन'. पुढे आजूबाजूचे जर्मन, स्पॅनिश, आयरिशही त्यांच्यात मिसळले, म्हणून आज रोमेरो किंवा मॅगी आडनावाचा माणूसही केजनच. त्यांच्या घरोघरी शिजणाऱ्या गंबो या दाट रश्श्याचं नाव तर आफ्रिकी गुलामांनी आणलं. बांटू भाषांतल्या भेंडीच्या नावावरून ते आलं.

त्यांच्या फ्रेंच बोलीवर खरा घाव शाळेनं घातला. लुइझियाना राज्याच्या 1921च्या घटनेनं शिक्षण फक्त इंग्रजीतून द्यायचं ठरवलं. सहा वर्षांचं पोर वर्गात बसायचं, इंग्रजीचा एक शब्द येत नसायचा. लघवीला जाऊ का, हे विचारता न आल्यानं चड्डी ओली व्हायची. तोंडून फ्रेंच निघालं की 'मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही' हे वाक्य शेकडो वेळा लिहायची शिक्षा. हीच मुलं मोठी झाली, आईबाप झाली आणि आपल्या लेकरांशी मुद्दाम इंग्रजीत बोलू लागली. त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही, असं मला वाटतं.

1968 मध्ये राज्यानं फ्रेंचच्या जतनासाठी 'कोडोफिल' ही संस्था स्थापली. शिकवायला फ्रान्स, बेल्जियम, क्वेबेकमधून शिक्षक आणले. त्यामुळे आजी मोटारीला 'शार' म्हणते आणि नातवंडं शाळेतून त्यासाठी प्रमाण फ्रेंचमधला 'व्वातुर' हा शब्द शिकून येतात.