म्हातारपणी डोकं मंद होतं, ही समजूत पक्की कशी झाली

साठी बुद्धी नाठी असं आपल्याकडं पोरंसोरं पण म्हणतेत, पण या समजुतीवर शास्त्राचा शिक्का बसला तो पहिल्या महायुद्धानंतर. १९१७ ला अमेरिकेनं सैन्यात भरती झालेल्यांची बुद्धी मोजायला एक पेपर काढला होता. पुढं हॅरोल्ड जोन्स आणि हर्बर्ट कॉनराड हे संशोधक तोच पेपर घेऊन अमेरिकेतल्याच न्यू इंग्लंड भागातल्या खेड्यांत फिरले, लोक जमावेत म्हणून फुकट सिनेमा दाखवला आणि दहा ते साठ वयाच्या लोकांना पेपरला बसवलं. १९३३ ला निकाल छापला : विशीच्या आसपास मार्क सगळ्यात जास्त, नंतर उतार. शब्दांचे अर्थ आणि जनरल नॉलेज यात मात्र वयस्कर लोक मागं पडलेच नव्हते, पण लोकांच्या डोक्यात बसला तो फक्त उतार. दहा वर्षांनी रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञानं हा फरक नीट मांडला, की नव्या गोष्टीवर झटकन डोकं चालवायची ताकद वेगळी आणि आयुष्यभर साठत गेलेलं ज्ञान वेगळं, पहिली लवकर कमी व्हायला लागते, दुसरं बराच काळ टिकतं.

खरी चूक मोजायच्या पद्धतीत होती. एकाच दिवशी वीस वर्षांचा आणि साठ वर्षांचा माणूस बसवायचा आणि मार्कातला फरक वयाच्या नावावर टाकायचा, हे कसं चालेल? आपल्या सोलापुरात बघा ना, आजोबा चौथीत शाळा सोडून मिलमध्ये लागले आणि नातू इंजिनिअरिंगला, दोघांना एकच पेपर दिला तर फरक वयाचा किती आणि शाळेचा, खाण्यापिण्याचा किती? वॉर्नर शाय या संशोधकानं १९५६ ला सिएटलमध्ये माणसं निवडली आणि तीच माणसं दर सात वर्षांनी पुन्हा तपासली, म्हणजे प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच. तेव्हा दिसलं की वेग आधीपासून कमी होतो हे खरं, पण बाकी बहुतेक क्षमता साठीपर्यंत फारशा हलत नाहीत, आणि त्यानंतरही सगळ्यांचं सारखं होत नाही. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात मोठं काम हेच.

दुसऱ्या बाजूनं स्मरणशक्ती जाण्याच्या आजाराची गोष्ट चालू होती. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरनं १९०६ ला अशा एका बाईची केस मांडली, पुढं आजाराला त्याचंच नाव पडलं, ती दवाखान्यात आली तेव्हा फक्त ५१ वर्षांची होती, त्यामुळं अनेक दशकं हा कमी वयातला दुर्मीळ आजार समजला गेला आणि सत्तरीतला माणूस घरचा रस्ता विसरला तरी वय झालं म्हणून सोडून दिलं. १९७६ ला रॉबर्ट कॅट्झमन या डॉक्टरनं ठामपणे लिहिलं की म्हातारपणातला हा प्रकारही बहुतेक तोच आजार आहे. तिथून पुढं साधं वय आणि आजार वेगळे बघायला सुरुवात झाली. भारतात अलीकडच्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया (स्मरणशक्ती आणि समज रोजचं जगणं अवघड होईल इतकी ढासळणं, अल्झायमर हा त्यातलाच एक आजार) असल्याचा अंदाज निघाला, म्हणजे बाकी बहुसंख्य लोकांना तो नाही.

आता हे ओळखायचं कसं. १९७५ पासून जगभर वापरली जाणारी छोटी चाचणी वाक्य लिहायला सांगते, वाचायला सांगते, मग न शिकलेला माणूस तिथंच अडकतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या ओळखीच्या एक आजी आहेत, मांडीवर सूप घेऊन आयुष्यभर विड्या वळल्या, आजही बंडल हातात धरलं की एखादी विडी कमी आहे का ते न मोजता सांगतात, पण आजची तारीख विचारली तर सांगता येणार नाही कारण तारखेशी त्यांचा कधी संबंधच आला नाही. म्हणून नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासासाठी हिंदीत वेगळी चाचणी बनवली, त्यात वाचायच्या ऐवजी समोरच्यानं चेहऱ्यानं जे केलं ते करून दाखवायचं.

याच आजी घरात तेलुगू, भाजीवाल्याशी मराठी आणि शेजारणीशी कानडी बोलतात, सोलापुरात यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण हैदराबादला डिमेन्शियाच्या ६४८ पेशंटचा अभ्यास झाला, २०१३ ला छापून आला, त्यात एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, न शिकलेल्यांमध्येही. सगळ्या अभ्यासांत असं दिसलेलं नाही आणि भाषेनं आजार टळतो असंही नाही, तरी आपल्या गावासाठी हे फार मोलाचं वाटतं.

लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या तज्ज्ञ समितीनं २०२४ ला डिमेन्शियाच्या टाळता येण्यासारख्या १४ कारणांची यादी दिली, त्यात बीपी, शुगर, कमी शिक्षण, एकटेपणा आहेच, पण ऐकू कमी येणंही आहे. ज्यांची उमर यंत्रमागाच्या खडखडाटात गेली त्यांचे कान आधीच गेलेले असतेत, अशा माणसाला प्रश्न ऐकूच आला नाही आणि उत्तर चुकलं की घरचे म्हणतेत आजोबा विसरायला लागले. स्मरणशक्तीची चाचणी घ्यायच्या आधी कान तपासायला पाहिजेत.